नॅनोवर केलेली लेझर टॅगची बंदूक उन्हात का चालत नाही?

तुमचा प्रश्न असा: आर्डुइनो नॅनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) आणि टीएसओपी रिसीव्हर (इन्फ्रारेड ओळखणारा सेन्सर) वापरून केलेली, इन्फ्रारेड प्रकाशाच्या गोळ्या मारणारी लेझर टॅगची बंदूक हॉलमध्ये १५ मीटरवरून लागते, दुपारी मैदानात मात्र ३ मीटरच्या पुढे जात नाही, एलईडी वाढवू का?

नका वाढवू. हॉलमध्ये तुमचा नेम भिंतींनी सांभाळला. पांढऱ्या भिंतीवरून इन्फ्रारेड उसळतं आणि पाठ करून उभ्या असलेल्यालाही लागतं. मैदानात भिंत नाही, वरून नागपूरचं ऊन. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, त्यामुळे रिसीव्हरला तुमचा सिग्नल ओळखायला तो बराच जास्त जोरदार असावा लागतो.

आधी करंट बघा. एलईडी थेट पिनला जोडला असेल तर २० मिलिअँपच्या पुढे जाऊ नये. मध्ये २एन२२२२ ट्रान्झिस्टर घाला, त्याच्या बेसला ४७० ओहमचा रेझिस्टर. टीएसएएल६१०० या इन्फ्रारेड एलईडीला ५ व्होल्टवर १८ ओहम, अर्धा वॉट. करंट साधारण १८० मिलिअँप. हा आकडा एलईडी सेकंदाला ३८ हजार वेळा (३८ किलोहर्ट्झ) लुकलुकताना फक्त एक तृतीयांश वेळ पेटतो, तेवढ्यापुरताच. कोड अडकून पिन हाय राहिली की एलईडी गेला, कारण त्याची सलग मर्यादा १०० मिलिअँप आहे. म्हणून कोड बसेपर्यंत ३९ ओहम ठेवा. एलईडीजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर प्रत्येक गोळीला व्होल्टेज खाली बसतं.

खरा फरक लेन्सने पडतो. हा एलईडी दोन्ही बाजूंना १० अंश पसरतो, म्हणजे २० मीटरवर ७ मीटरचा डाग. १०० मिमी फोकल लेंग्थची, ३५ मिमी व्यासाची बहिर्वक्र लेन्स बराचसा प्रकाश पकडते आणि तोच डाग मीटरभरावर आणते. पीव्हीसी पाइपात बसवा, पाइप आतून मॅट काळा रंगवा. फोकस लावायला आधी त्याच जागी लाल एलईडी ठेवून भिंतीवर डाग बारीक करा. मग इन्फ्रारेड लावून मिलिमीटर-दीड मिलिमीटर मागे सरकवा. पेटतोय का ते मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात बघा, मागच्या कॅमेऱ्यात बहुधा फिल्टर असतो.

रिसीव्हरला सेंटिमीटरभर खोल काळी टोपी करा, तोंड आकाशाकडे नको. पुरवठ्यात १०० ओहमचा रेझिस्टर आणि पायांजवळ ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवेच. बझर वाजताना पुरवठ्यात होणाऱ्या खळबळीने खोट्या गोळ्या लागतात, त्या हे नसल्यामुळेच. बर्डीत (नागपूरची बाजारपेठ) टीएसओपी १७३८ मागितला आणि टीएसओपी ३८२३८ मिळाला तर पाय तपासा. फुगीर तोंड आपल्याकडे धरून डावीकडून १७३८ चे पाय ग्राउंड, पुरवठा, आउटपुट. ३८२३८ चे आउटपुट, ग्राउंड, पुरवठा. उलटा लावला तर गरम होतो आणि मग कशालाच दाद देत नाही. खेळाडूने अंगावर घालायच्या पट्ट्यावर ३-४ रिसीव्हरची आउटपुटं एकत्र जोडली तरी चालतात.

कोडमध्ये सोनी रिमोटचं माप घ्या: सुरुवात २.४ मिलिसेकंद, एक म्हणजे १.२, शून्य म्हणजे ०.६, मधली विश्रांती ०.६. सलग गोळीबार असेल तर दोन गोळ्यांत शंभरेक मिलिसेकंद सोडा. सतत येणाऱ्या सिग्नलला रिसीव्हर गोंगाट समजतो आणि बहिरा होतो.

१८६५० सेल (रिचार्ज होणारा लिथियम सेल) मे महिन्यात गाडीत ठेवू नका आणि ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका. पॉइंटरचा खरा लेझर यात घालायचा नाही, डोळ्यांचा प्रश्न आहे. बंदूक पिवळी-केशरी रंगवा, रस्त्यावरून जाणाऱ्याला खरी वाटू नये.

एवढं करूनही भर उन्हात २५-३० मीटरची आशा धरू नका. संध्याकाळी साडेपाचनंतर खेळा.