प्लंबर आधी की इलेक्ट्रिशियन? त्याआधी रस्त्यावरचं चेंबर मोजा

कोल्हापूरजवळ ३० बाय ५० चा प्लॉट, तळमजला अधिक एक, जोतं भरून झालंय, स्लॅब १५ दिवसांवर आलाय आणि प्लंबर-इलेक्ट्रिशियन दोघंही ‘आधी माझं’ म्हणून अडून बसलेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यातच कॉन्ट्रॅक्टरचं एक वाक्य आहे: ‘ड्रेनेजचं शेवटी बघू.’ ते वाचून राहवलं नाही, कारण आमच्या घराला सगळ्यात मोठा फटका त्या ‘शेवटी बघू’नेच बसला.

मी इंजिनिअर नाही. स्लॅब, बीम, सळईबद्दल तुमच्या आरसीसी डिझायनरचा शब्द अंतिम माना. कन्सील्ड लाइन (भिंतीत लपवलेली लाइन), डीबी (घरातल्या वायरिंगची मुख्य पेटी) वगैरे तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चालतो.

माझं ठाम मत असं की जे वाकवता येत नाही त्याची जागा आधी ठरते. वायर कुठूनही वळवता येते, प्रेशरचं पाणी वरही चढतं, पण सांडपाणी फक्त उताराने जातं. ११० मिमी पाइपला साधारण ६० ला १ ते १०० ला १ (म्हणजे ६० ते १०० सेंटिमीटर लांबीला १ सेंटिमीटर) एवढा उतार लागतो. तुमच्या मागच्या संडासापासून रस्त्यापर्यंत १५ मीटर धरले तर ८० ला १ ने १९ सेंटिमीटर उतार लाइनमध्येच जातो. चेंबरमधले (लाइनवरच्या झाकणवाल्या खड्ड्यांमधले) थोडे थोडे उतार वेगळे, रस्त्याखालचा तुकडा वेगळा. म्हणजे हिशेब घरातून सुरू होत नाही, रस्त्यावरच्या सार्वजनिक चेंबरपासून उलटा मागे यावा लागतो.

आता आमचं ऐका. जोत्याच्या वेळीच आम्ही संबंधित कार्यालयात विचारायला गेलो, की आमच्यासमोरची लाइन किती खोल आहे? नकाशा दाखवला नाही. ‘पाच फूट आहे, बिनधास्त बांधा,’ एवढं तोंडी उत्तर. लेखी द्या म्हटलं तर म्हणे कनेक्शनचा अर्ज करा, मग साइट बघू. अर्ज घेऊन गेलो तर म्हणे घर पूर्ण झाल्यावर या. घर पूर्ण झालं, माणसं आली, झाकण उघडलं, तर लाइन जेमतेम सव्वादोन फुटांवर! आमचं गेटजवळचं चेंबर तिच्यापेक्षा खोल बसलेलं. पेव्हर उखडले, चेंबरं तोडली, लाइन १०० ला १ ने पुन्हा टाकली, तरी उतार पुरेना म्हणून तळमजल्याच्या संडासाची नवी फरशी फोडून उंच करावी लागली. तिथे कायमची पायरी झाली. आईचे गुडघे दुखतात, ती रोज ती पायरी चढते. आणि ‘पाच फूट’ कुणी सांगितलं, तर कुणीच नाही, कारण कागदावर काहीच नव्हतं. एका माणसाने येऊन एकदा टेप लावली असती तर हे सगळं टळलं असतं. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून तुम्ही लेखी अर्ज द्या, आवक शिक्का मारून प्रत घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारा, त्याची मुदत ३० दिवसांची असते. पण स्लॅब तोवर थांबणार नाही, तेव्हा त्यांचा कर्मचारी सोबत घेऊन झाकण उघडवा आणि वरूनच काठीने खोली मोजा. कुणालाही आत उतरू देऊ नका, कितीही उथळ वाटलं तरी. आतल्या वायूने माणसं जातात. मग पारदर्शक नळीत पाणी भरून ती लेव्हल तुमच्या जोत्यावर आणा. शेवटचं चेंबर रस्त्याच्या लाइनपेक्षा चांगलं वर राहिलं पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात पाणी उलटं येतं. रस्ता पुढेमागे काँक्रीटचा होऊन उंचावणार असेल तर तेही धरा. जोतं झालं असलं तरी फरशीखालची भर अजून तुमच्या हातात आहे.

हे ठरलं की स्लॅबचं सोपं. वरचे संडास-बाथरूम खालच्यांच्या बरोबर डोक्यावर घ्या. संक स्लॅब, म्हणजे बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन त्यातल्या भरावात पाइप पुरणं, मला पटत नाही. आत पाइप गळला तर वर्षभर कळत नाही आणि दुरुस्तीला सगळं फोडावं लागतं. पाइप स्लॅबखाली लटकवून खालच्या बाथरूमला सीलिंग केलेलं बरं. काहींना ते आवडत नाही, त्यांनी संक स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगवर पैसे वाचवू नयेत. बीममधून पाइप न्यायचाच असेल तर डिझायनरला विचारून स्लीव्ह (पाइप जाण्यापुरती मोठी नळी) आताच टाका, नंतर मशीनने भोक पाडणं, म्हणजे कोअर कटिंग, नको. इलेक्ट्रिशियनला खालची सळई बांधून झाल्यावर, वरची जाळी पडायच्या आत वायरचे पाइप टाकायला एक पूर्ण दिवस द्या, आणि काँक्रीट पडताना त्याचा माणूस तिथे हजर ठेवा. फुटलेला पाइप नंतर सापडत नाही.

भिंतींचा क्रमही तोच: ड्रेनेज, मग पाणी, मग वायर. आडव्या झिरी (पाइपसाठी भिंतीत कापलेल्या खाचा) शक्यतो नकोतच. भारतीय मानकानुसार उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांश, आडवी एक षष्ठांशपेक्षा खोल नसावी. ४ इंची भिंतीत आडवी मारायला जागाच कुठे उरते? झिरी भरल्यावर चिकन मेश (बारीक तारेची जाळी), मगच प्लास्टर. डायव्हर्टर (भिंतीतला शॉवर-नळाचा व्हॉल्व्ह) मात्र टाइलचा अंतिम पृष्ठभाग ठरवून बसवा, आणि टाइल लावण्याआधी दाब तपासायच्या हातपंपाने पाण्याची लाइन दाबाखाली रात्रभर ठेवा. प्लंबर ‘नळ सोडून बघितलं’ म्हणेल, ते पुरेसं नाही.

जाता जाता, एसीच्या ड्रेनलाही उतार लागतो, पण तो प्लंबर स्वतःचा समजत नाही आणि इलेक्ट्रिशियनही नाही. आत्ताच एकाच्या गळ्यात घाला. आणि गच्चीपासून मीटरपर्यंत एक जास्तीचा रिकामा पाइप टाकून ठेवा. छतावरच्या सोलरला केंद्राच्या योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. आज नाही बसवलं तरी केबलसाठी नंतर भिंत फोडावी लागणार नाही.