मातीच्या घरावर पत्रा टाकला तर चालेल का?

प्रश्न: आम्हाला छोटं एकमजली घर बांधायचंय, प्लॉटवरच्याच मातीचं. मातीचं घर आपोआप थंड राहतं असं सगळे सांगतात, म्हणून भिंती जाड घ्यायच्या आणि वर साधा पत्रा टाकून उरकायचं असा विचार आहे. बरोबर आहे का? आणि पावसाची भीती वाटते, बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेऊ का?

उत्तर: उघड्या पत्र्याचा विचार आधी डोक्यातून काढा प्लीज. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, भिंतींवर ऊन तिरपं येतं पण छपरावर सरळ पडतं, त्यामुळे खाली दीड फुटी भिंत असली तरी दुपारी घराची भट्टी होणारच. पत्राच परवडत असेल तर त्याच्याखाली बांबूचं किंवा फळ्यांचं सीलिंग करा, त्यावर माती आणि भुशाचा थर द्या आणि मधल्या पोकळीतून वारा जाईल असं बघा.

आता भिंतींचं. माती उष्णता फारशी अडवत नाही हो, ती पोटात घेते आणि उशिरा सोडते. फूट-दीड फुटी भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला साधारण 8 ते 12 तास लागतात, म्हणजे ती आत येते रात्री, आणि तेव्हा बाहेर गार असेल तर खिडक्या उघडून घालवता येते, सकाळी भिंत परत गार. पण तुमच्याकडे रात्र गार होते का हे तुम्ही लिहिलंच नाहीये, आणि सगळं त्यावरच आहे! दमट हवेत रात्रीही उकडतं, तिथे जाड भिंत रात्रभर ऊब सोडत बसते, त्यापेक्षा कुडाच्या (काटक्या-बांबू विणून वर माती लिंपलेल्या) हलक्या भिंती, समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि भरपूर सावली बरी. कडक थंडीच्या भागात नुसती माती पुरत नाही, तिथे पेंढा लागतो कारण त्यात हवा अडकून राहते. अमेरिकेत नेब्रास्काच्या माळावर लाकूड मिळेना म्हणून 19व्या शतकाच्या शेवटी लोकांनी गवताच्या गासड्या रचून घरं बांधली होती.

सिमेंटचं प्लास्टर अजिबात नको. त्याला बारीक चिरा पडतात, पाणी आत शिरतं आणि मग ते बाहेर पडायला वाटच राहत नाही, आतली माती मऊ होते आणि प्लास्टर पापुद्र्यासारखं सुटतं. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा द्या, ओल सुकते. पावसासाठी दगडी जोतं दीड-दोन फूट उंच घ्या, वळचण दोन-तीन फूट बाहेर काढा. गिलावा मात्र अधूनमधून परत करावा लागणार, येमेनमधल्या शिबाम शहरातल्या कच्च्या विटांच्या उंच इमारती, त्यातल्या बऱ्याच 16व्या शतकातल्या, अशाच देखभालीवर उभ्या आहेत.

प्रश्न: माती चालेल की नाही हे घरी कसं कळेल?

उत्तर: वरची सुपीक माती बाजूला काढा, ती बागेला वापरा. खालची माती पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू लगेच तळाला बसते, त्यावर पोयटा (वाळूपेक्षा बारीक, पण चिकणमातीपेक्षा जाड कण), आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, तिला दिवसभर लागू शकतो. थरांच्या एकूण उंचीत चिकणमाती साधारण 15 ते 30 टक्के असली तर चांगलं. काळी माती एकटी घेऊ नका, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, वाळू मिसळावीच लागते. मग वेगवेगळ्या मिश्रणाच्या चार-पाच विटा करून सावलीत पूर्ण वाळवा, कुठली तडकत नाही आणि कुठली पाण्याच्या धारेखाली टिकते ते बघा, आणि त्यानंतरच गवंड्याशी बोला.