जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क अचानक स्लो झाली आहे. डीफ्रॅग करू की विंडोज पुन्हा टाकू?

दोन्ही नका करू. आधी कॉपी करा. (डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल आणि दुसरी प्रत कुठेच नसेल, तर मात्र तेही नको, मशीन बंद करा.) बाकीचं वाचा नंतर.

तुम्ही लिहिलंय की मशीन आठ वर्षांचं आहे, मागच्या आठवड्यापर्यंत नीट चालत होतं, आणि आता डेस्कटॉप यायलाच दहा-बारा मिनिटं लागतात, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते. यातलं ‘मागच्या आठवड्यापर्यंत’ हेच महत्त्वाचं. डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइल्सचे तुकडे पुन्हा एकत्र लावणं. पण फाइल्स विखुरल्या म्हणून डिस्क संथ होते ती हळूहळू, महिनोन्‌महिने. आठवड्याभरात अशी बसत नाही. अचानक मंदावलेली डिस्क बहुतेक वेळा कुठेतरी अडखळत असते. एक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा एक छोटासा कप्पा, वाचता येत नाही, म्हणून ती परत प्रयत्न करते, परत करते. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या (७२०० आरपीएमच्या) डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची. एका सेक्टरपायी ती पाच सेकंद अडली, तर त्याच जागेवरून सहाशे फेऱ्या झाल्या. तोवर विंडोजचं बाकी सगळं काम रांगेत उभं.

मी हे इतकं ठामपणे सांगतोय, कारण आमच्या घरात हाच प्रश्न आला होता आणि उत्तर चुकीचं दिलं गेलं.

बाबांकडे जुन्या निगेटिव्हचे डबे होते. निवृत्तीनंतर दोन वर्षं बसून त्यांनी एकेक निगेटिव्ह मऊ ब्रशने झटकून स्कॅन केली. अठराशेच्या आसपास फोटो, सगळे मोठ्या टिफ फाइल्समध्ये, मिळून साधारण ९० जीबी. प्रत्येक फाइलच्या नावात कोण, कुठे, अंदाजे साल. स्कॅन झालेल्या निगेटिव्ह ते टाकून देत, कारण त्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटला होता. जुनी ॲसिटेट फिल्म खराब व्हायला लागली की असाच वास येतो. म्हणजे ते फोटो आता फक्त त्या ३२० जीबीच्या डिस्कवर होते. दुसरी कॉपी नव्हती. ती मी करून द्यायला हवी होती, आणि केली नाही.

एका संध्याकाळी बाबा म्हणाले, “फोटो उघडायला फार वेळ घेतंय रे आज.” मी बसलो. माउस हलत होता, पण क्लिक लागत नव्हतं. कॅबिनेटवरचा लाल दिवा एरवी लुकलुकतो, तो एकसारखा पेटलेला. कॅबिनेटला कान लावला. नेहमीची बारीक खरखर नव्हती. टक्. मग शांतता. मग पुन्हा टक्. अगदी एका लयीत.

मी म्हटलं, डिस्क जातेय, आत्ताच्या आत्ता फोटो काढून घेऊ. दादा माझ्याहून मोठा, कॉम्प्युटरचं त्याला माझ्याआधीपासून कळायचं, आणि या बाबतीत घरात शब्द त्याचाच चालायचा. तो म्हणाला, “अरे, डिस्क अशी एकदम जात नसते. फाइल सिस्टीम बिघडलीय. रात्री चेकडिस्क लावतो, सकाळी डीफ्रॅग. बघ कशी पळते.” मी गप्प बसलो.

रात्री त्याने चेकडिस्क स्लॅश-आर लावलं, म्हणजे खराब सेक्टर शोधणारी विंडोजची डिस्क-तपासणी. सकाळी ते ३१ टक्क्यांवर होतं. दुपारीही ३१. शेवटी त्याने बटण दाबून धरून मशीन बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. विंडोज कसंबसं आलं, तेव्हा फोटोंचे काही फोल्डर रिकामे होते आणि फाउंड.००० नावाचं एक नवीन फोल्डर तयार झालं होतं. चेकडिस्कला सापडलेले फाइल्सचे बेवारस तुकडे त्यात जातात. एवढं दिसत असूनही त्याने डीफ्रॅग सुरू केलं. संध्याकाळी बायॉसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या प्रोग्रामला, डिस्क दिसेनाशी झाली.

पुढे दोन दिवस बंद ठेवल्यावर ती काही तास ओळखली गेली. तेवढ्यात लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून डेटा वाचवणारा प्रोग्राम चालवून जे आलं ते घेतलं. अकराशे फोटो पूर्ण मिळाले. उरलेले नाहीत किंवा अर्धे आहेत. आजीच्या कडेवर आत्या आहे असा एक फोटो आहे. आजीचा चेहरा आहे, आत्याचं कपाळ आणि डोळे आहेत, आणि तिथून खाली सपाट राखाडी पट्टा. बाबांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “खालचं परत स्कॅन करता येईल?” मग त्यांनाच आठवलं.

दादा आजही म्हणतो, “ती तशीही जाणारच होती.” हो, जाणारच होती. माझं म्हणणं इतकंच आहे की तिच्याकडे एक दिवस शिल्लक होता आणि तो आपण कशावर घालवला? स्लॅश-आर व्हॉल्यूमवरचा प्रत्येक सेक्टर वाचतं, रिकामी जागासुद्धा. जिथे डिस्क दुखावली आहे तिथेच जाऊन ती पुन्हा पुन्हा वाचायला लावतं. जे वाचता आलं नाही तो क्लस्टर (सेक्टरांचा गट) बाद ठरवतं, आणि फाइलमधला तेवढा भाग गेला. डीफ्रॅग तर चांगल्या फाइल्सही उचलून दुसरीकडे लिहितं. डिस्क अगदी रडतखडत १० एमबी प्रति सेकंदाने चालली असती, तरी ९० जीबीला अडीच तास लागले असते. त्या रात्री झोपायच्या आत बहुतेक झालं असतं.

आता तुमच्या डिस्ककडे येतो. कॉपी झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये टक्के बघू नका, सरासरी प्रतिसाद वेळ बघा. निरोगी डिस्कवरही अँटिव्हायरस किंवा अपडेट चालू असताना १०० टक्के दिसतातच. पण वेग सेकंदाला अर्धा एमबी आणि प्रतिसाद वेळ काही हजार मिलिसेकंद, असं सारखं दिसत असेल तर डिस्क अडकते आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची वही) सिस्टीमखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी शोधा. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्याचे आकडे बघा: ०५ (बदली दिलेले सेक्टर), सी५ (वाचायला अडलेले) आणि सी६ (दुरुस्त न होणारे) या ओळी. सी५ शून्य नसेल तर वाचता न येणारे सेक्टर आत्ता, या क्षणी तिथे आहेत. (तिथले आकडे मुळात हेक्समध्ये दिसतात, म्हणजे १० दिसले तर ते सोळा.)

आणि वरती निळ्या चौकोनात ‘गुड’ लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका. गूगलच्या इंजिनियरांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिला स्कॅन एरर (डिस्क स्वतःला तपासताना सापडलेली चूक) आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता तसा एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. पण गेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्के अशा होत्या की ज्यांचा चार ठळक स्मार्ट आकड्यांपैकी एकही हललेला नव्हता. दादाने त्या रात्री ‘स्मार्ट ओके दाखवतंय’ हेही म्हटलं होतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी. दर वेळी डिस्कच मेलेली नसते. सी७ (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल आणि बाकीचे शून्य असतील, तर डिस्कला जोडणारी सॅटा केबल बदला. केबल बदलल्यावर तो आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो, तेवढंच बघायचं. रॅम कमी असेल तरीही डिस्क अशीच घासत बसते. हे सगळं तपासा, पण कॉपी झाल्यावर. डिस्क खरंच बाद निघाली तर तिच्या जागी एसएसडी लावा, आठ वर्षांच्या मशीनला ती चांगली मानवते.

टक्-टक् आवाज आधीच येत असेल आणि आतलं कुठेच दुसरीकडे नसेल, तर माझं कॉपीचंही ऐकू नका. मशीन बंद करा आणि डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

आवाज नसेल तर आत्ता बसा. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा, अख्खी डिस्क एकदम ओढू नका, ज्याला दुसरी प्रत नाही ते फोल्डर आधी. एखाद्या फाइलवर अडलं तर ती सोडा आणि पुढची घ्या, तिच्याकडे शेवटी परत या. आणि झाल्यावर नुसती फाइल्सची नावं आणि साइज बघून उठू नका. प्रत्येक फोल्डरमधल्या चार-पाच फाइल्स उघडून खालपर्यंत बघा.