सर उलटं फिरायला लागले

"मॅडम, ते आता उलटं फिरायला लागलेत," काकू म्हणाल्या आणि पर्सची चेन उघडून परत लावली.

मी समुपदेशक, त्या माझ्याकडे पहिल्यांदाच आलेल्या. मला आधी कळेचना. मग उलगडलं. कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांचा त्यांचा दहा-बारा जणांचा कंपू आहे. सगळे ज्या बाजूनं निघतात त्याच बाजूनं सरही निघायचे, काकूंच्या शेजारून, गेली चार वर्षं. आता ते येतात, सगळ्यांना नमस्कार करतात आणि एकटेच विरुद्ध दिशेनं चालू पडतात. समोरून गाठ पडली की मोबाईल बघतात. "मोबाईलमधलं काय दिसतंय त्यांना? चष्मा तर खिशात असतोय," काकू म्हणाल्या.

काकू चौसष्ट वर्षांच्या. तीस वर्षं शिवणक्लास चालवला, नवरा जाऊन आठ वर्षं झाली, मुलगा-सून-नातीबरोबर राहतात. सर एकोणसत्तरचे, हायस्कूलला गणित शिकवायचे. पत्नी पाच वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा पुण्यात. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत आणि लिहिण्याआधी दोघांनाही विचारलंय. काकूंची बोली मात्र बदललेली नाही. आमच्याकडे बायकाही स्वतःबद्दल 'आलो-गेलो' म्हणतात, ते तसंच ठेवलंय.

नेमकं काय झालं होतं ते सांगायला त्यांना दोन बैठका लागल्या. पावसाळ्यातली दुपार. सरांना ताप होता म्हणून काकू डब्यात मऊभात घेऊन गेल्या. लाईट गेलेली. बोलता बोलता सर पत्नीच्या शेवटच्या दिवसांवर आले, रडले, काकूंनी पाठीवरून हात फिरवला. आणि मग जवळीक झाली. "म्हणजे सगळं झालं नाही, पण व्हायचं ते झालं," असं त्यांचं वाक्य. दोन दिवसांनी सर फिरायला आले ते उलट्या बाजूनं.

"या वयात मला असलं काय सुचलं? चांगला सोबती होता, तो घालवून बसलो. माझं चुकलं का ओ?"

हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. दर वेळी इतक्या सरळ शब्दांत नाही. कुणी झोप लागत नाही म्हणून येतं, कुणी छातीत धडधडतं म्हणून. दहा-पंधरा मिनिटं बीपी, शुगर आणि सुनेबद्दल बोलणं होतं आणि उठता उठता, चपलेत पाय घालताना, मुद्दा निघतो. मी आता चपलेपर्यंत वाट बघायला शिकलेय.

पण काकूंच्या बाबतीत मी घाई केली. दुसऱ्याच बैठकीत विचारलं, "तुमच्या मनात लग्नाचं आहे का?" काकू तडकल्या. "लग्नाचं कोण बोललं? मला माझा फिरायचा जोडीदार परत पाहिजे. आठ वर्षं माझं मी बघतोय. परत कुणाच्या गोळ्या-पथ्य सांभाळायला जाऊ काय?" मी गप्प बसले. उतारवयातली जवळीक म्हणजे एकतर लग्न नाहीतर चूक, असे दोनच खण माझ्याही डोक्यात होते, हे त्या दिवशी कळलं.

पुढच्या वेळी आम्ही एक साधं काम केलं. कागदाच्या एका बाजूला जे घडलं तेवढंच लिहायचं, दुसऱ्या बाजूला त्यावरून काकूंनी काय ठरवलं ते. पहिल्या बाजूला आलं: सर उलटं फिरतात, बोलत नाहीत, डबा परत दिला तो वॉचमनच्या हातून. दुसरी बाजू भरून वाहायला लागली. मी त्यांच्या नजरेतून उतरले. त्यांना माझा किळस आला. ते मला तसली बाई समजतात. हे मिस्टरांना दिसतंय. शेवटचं वाक्य लिहून त्यांनी पेन ठेवलं. त्या दुपारनंतर त्यांनी नवऱ्याच्या फोटोला हार घालणं बंद केलं होतं. सुनेला सांगितलं, स्टुलावर चढायला भीती वाटते.

यातलं सरांच्या तोंडून आलेलं एक तरी वाक्य आहे का, असं मी विचारलं. काकूंनी कागद बराच वेळ न्याहाळला. "मापं न घेताच ब्लाऊज बेतला म्हणायचा," म्हणाल्या. तीस वर्षं कात्री चालवलेल्या बाईला मी वेगळं काय समजावणार होते?

एक गोष्ट मात्र त्यांनी अजून सांगितलेली नव्हती. त्या दिवसानंतर लघवीला जळजळ झाली होती आणि थोडं रक्त दिसलं होतं. त्या कुठल्याच डॉक्टरकडे गेल्या नाहीत. "देवानं लगेच शिक्षा दिली असं वाटलं." इथं समुपदेशन बाजूला ठेवून मी त्याच आठवड्यात त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी पडते, मग संबंधांच्या वेळी दुखतं, कधी खरचटून रक्त येतं, लघवीचा संसर्गही लवकर होतो. यात शिक्षा-बिक्षा काही नाही, आणि त्यावर क्रीम, जेल असे उपाय आहेत. पण पाळी गेल्यानंतर एकदाही रक्त दिसलं, कितीही थोडं असलं, तरी तपासून घ्यायचंच. कारण बहुतेक वेळा साधं निघतं, कधीकधी निघत नाही. काकूंचं साधं निघालं. डॉक्टरबाईंनी कोरडेपणाचं कारण सांगितलं, तेव्हा काकूंना म्हणे हसू आलं. महिनाभर देवाच्या कोपाची भीती घेऊन हिंडत होत्या आणि औषध निघालं एक ट्यूब.

लाज मात्र ट्यूबनं जात नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, हे आम्ही कोल्हापूरकर छाती फुगवून सांगतो. २०२२ च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हाही आम्ही खूश झालो. मी हे काकूंना उत्साहानं ऐकवलं. त्या म्हणाल्या, "कुंकवाचा ठराव झाला ओ. पुढचा कोण करणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही.

पाचव्या बैठकीत आम्ही सरांना काय म्हणायचं ते ठरवायला बसलो. काकूंचा पहिला खर्डा म्हणजे माफीनामा होता. दुसऱ्यात नुसता राग. शेवटी जे उरलं ते त्यांनी माझ्यासमोर चार-पाच वेळा म्हणून बघितलं: "सर, त्या दिवसाचं मला काय वाईट वाटलेलं नाही. तुम्ही उलटं फिरायलाय, त्याचं लई वाटलंय." एवढंच. उत्तर मागायचं नाही, वाट अडवायची नाही.

दुसऱ्या दिवशी तळ्यावरच्या संध्यामठाच्या अलीकडे सर समोरून आले, तेव्हा काकूंनी ते म्हटलं आणि पुढे चालू लागल्या.

दहा दिवसांनी सरांचा मला फोन आला. काकूंनीच नंबर दिला होता. मी आधीच सांगितलं, त्यांचं इथलं बोलणं तुम्हाला कळणार नाही आणि तुमचं त्यांना. सर एकटे दोनदा आले. सरांची कहाणी काकूंच्या कागदावरच्या दुसऱ्या बाजूला कुठेही जुळत नव्हती. वीस वर्षांचा मधुमेह, बीपीच्या गोळ्या. त्या दुपारी शरीरानं ऐन वेळी साथ सोडली. काकू काही बोलल्या नाहीत, पदर सारखा करून निघून गेल्या, आणि सरांनी त्या शांततेचा अर्थ लावला: कीव.

त्यांनी त्यावर उपायही शोधला होता. 'ती' निळी गोळी. ओळखीचं कुणी नको म्हणून चार पेठा सोडून लांबच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरचा मुलगा उठून पायाच पडला. दहावीला सरांकडे होता. सर खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आले. कोल्हापुरात चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला माजी विद्यार्थी नसलेलं दुकान सापडणं अवघडच.

मला हसू आलं, पण पुढचं ऐकून आवरलं. सरांच्या खिशात छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी असते. ती नायट्रेट. नायट्रेट आणि सिल्डेनाफिल, म्हणजे त्या निळ्या गोळीतलं औषध, एकत्र झालं तर रक्तदाब एकाएकी इतका खाली येऊ शकतो की जिवावर बेततं. त्या विद्यार्थ्यानं नकळत गुरुदक्षिणा दिली म्हणायची. हे डॉक्टरांना विचारायचं, दुकानात नाही, असं बजावून मी त्यांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे धाडलं. जुन्या मधुमेहात नसा आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, काही औषधांनीही ताठरता कमी होते. त्यात पुरुषपणाचा प्रश्न नाही, हे सरांनी माझ्यापेक्षा डॉक्टरांकडून ऐकणं बरं होतं.

एक शंका मी सरांना विचारून घेतली. तळ्याभोवती दोघं एकाच वेळी, सारख्याच वेगानं विरुद्ध दिशांनी निघाले तर फेरी संपेपर्यंत किती वेळा भेटतील?

"मध्ये एकदा आणि परत सुरुवातीच्या जागी." मग थांबले. "एका बाजूनं मागे-पुढे चाललो असतो तर भेट झालीच नसती." कान लाल झाले होते.

दोघं मिळून एकदाच आले. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीनं १९७० च्या सुमारास मांडलेली एक पद्धत मी जोडप्यांना सांगते. काही आठवडे संबंधांचा विषयच बंद ठेवायचा. फक्त स्पर्श, तोही ठरवून, आणि कुठे बरं वाटतं ते बोलायचं. परीक्षाच नसली की नापास व्हायची भीती जाते. यांच्यासाठी मी ते आणखी लहान केलं: चहा पिताना दहा मिनिटं हात हातात. सरांनी वहीत 'गृहपाठ' म्हणून लिहून घेतलं.

लोक काय म्हणतील यावरही बोलणं झालंच. दोन सज्ञान, एकेकट्या माणसांनी एकमेकांच्या घरी जाणं, अगदी एकत्र राहणं, हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ते स्पष्ट म्हटलंय. नोंदणी विवाहाचं मी माहिती म्हणून सांगितलं, तर विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस नोंदणी कार्यालयाच्या बोर्डावर लागते हे ऐकूनच काकू म्हणाल्या, "बोर्डावर? आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तिथंच कामाला आहेत." विषय संपला. कौटुंबिक पेन्शन घेणाऱ्यांनी मात्र लग्नाचा विचार असेल तर आधी पेन्शन कार्यालयात आपल्या बाबतीतला नियम विचारावा. तेवढ्यावरून घरात नंतर भांडणं झालेली मी बघितलीत.

पुढे गृहपाठ कुठवर गेला ते मी विचारलं नाही. गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला होता, नातीच्या अभ्यासाबद्दल. सरांचा गुडघा धरलाय म्हणे, त्यामुळे हल्ली पूर्ण फेरी होत नाही, संध्यामठापर्यंत जाऊन दोघं बाकावर बसतात आणि परत येतात. फोटोला हार रोजचा सुरू आहे.

"मुलाला सांगितलं का?"

"दिवाळी झाली की बघू," काकू म्हणाल्या. कुठली दिवाळी, ते काही सांगितलं नाही.