ऐंशीच्या दशकात सिंथेसायझरच्या क्षेत्रात काम करणं कसं होतं? आज त्यात शिरायचं तर काय शिकावं?

कंपन्यांचा इतिहास कुठेही वाचायला मिळेल. मी दुरुस्तीवाला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडजवळच्या एका वर्कशॉपमधला. त्यामुळे टेबलावरून जे दिसलं तेवढंच सांगतो.

ॲनालॉग मशीन म्हणजे कायमचं ट्यूनिंग. मिनीमूग या ॲनालॉग सिंथमध्ये स्वर व्होल्टेजवर ठरतो, सप्तकाला एक व्होल्ट हा हिशेब, म्हणजे लागोपाठच्या दोन पट्ट्यांत जेमतेम ८३ मिलिव्होल्टचा फरक. तापमान बदललं की ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारी सर्किटं, सरकायची. एसी स्टुडिओतून मे महिन्यात मैदानावर नेलं की मशीन बेसूर, आणि वादक म्हणणार, बिघडलं. अहो, आधी अर्धा तास चालू ठेवा, मग ट्यून करा! १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला आणि ही कटकट मिटली. आत सगळं डिजिटल, स्टॅनफर्डच्या जॉन चौनिंग यांची एफएम पद्धत (एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवून आवाज घडवायची), एका वेळी सोळा स्वर. आमची ट्यूनिंगची कमाई बुडाली, तरी मला ते मशीन आवडलं.

आता मुद्द्याचं. एका वाद्यवृंदाच्या कीबोर्डवाल्याकडे जपानी बाजारातला, १०० व्होल्टवर चालणारा डीएक्स-७ होता. ऐन गणपतीत मंडपात कुणीतरी स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) न लावता तो सरळ २३० वर जोडला. ट्रान्सफॉर्मर गेला. गृहस्थांनी मशीन पंधरवडाभर घरी ठेवलं आणि नवरात्राचे कार्यक्रम तोंडावर आल्यावर माझ्याकडे आणलं. तसा ट्रान्सफॉर्मर इथे मिळणार कुठून? वाइंडिंगवाल्याकडे बसून २३० चं प्रायमरी, म्हणजे मेन्सच्या बाजूचं वेटोळं, भरून घेतलं, म्हणजे स्टेप-डाउनची भानगडच संपली. रेग्युलेटर बदलले, मशीन सुरू झालं. पण डिस्प्लेवर आवाजांच्या नावांच्या जागी नुसता कचरा. त्यांनी स्वतः बसवलेली शहनाई, सतार, सगळं साफ.

'तुम्ही उघडलंत म्हणून गेलं,' हे त्यांनी चार लोकांसमोर म्हटलं, आणि पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिले. मी आवाज उतरवून दुसऱ्याला विकले, इथपर्यंत मजल गेली.

डीएक्स-७ ची मेमरी बंद अवस्थेत आतल्या ३ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर टिकते. ही बॅटरी बोर्डावर सोल्डर केलेली असते, बाहेरून दिसत नाही. मी मोजली तेव्हा दीड व्होल्टही नव्हते. 'मग रोज रात्री बंद करायचो तेव्हा कसं राहायचं?' हा त्यांचा हुकमी सवाल. रॅम, म्हणजे आवाज साठवणारी मेमरी चिप, साधारण २ व्होल्टपर्यंत तग धरते. थकलेली बॅटरी एक रात्र काढते, पंधरवडा नाही काढत. मशीन माझ्या टेबलावर यायच्या आधीच, त्यांच्या घरी, आवाज गेलेले होते. हे त्यांना कागदावर काढून दाखवलं. पण ज्याला सा कुठे आहे ते कळतं त्याला व्होल्ट कळेलच असं नाही.

एक मात्र खरं, त्या माणसाने निदान आवाज बसवले तरी होते. सहा ऑपरेटर (लहरी काढणारे घटक), ते जोडायच्या ३२ रचना म्हणजे अल्गोरिदम, एक स्लायडर आणि दोन ओळींचा डिस्प्ले, एवढ्यावर शहनाई काढणं खायचं काम नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये कारखान्यातले आवाज जसेच्या तसे असायचे आणि मालक स्वतःला प्रोग्रॅमर म्हणवायचे.

काय शिकावं म्हणालात. पॉवर सप्लाय आधी, बाकी सगळं नंतर. मल्टिमीटर हातात धरता येत नसेल तर कोर्सचे पैसे वाचवा. मग मिडी शिका, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी वायरवरून बोलायची ठरलेली भाषा. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६, म्हणजे चक्क दोन प्रतिस्पर्ध्यांची मशीन, एका वायरने जोडून दाखवली होती. त्याच मिडीवरून आज डीएक्स-७ ची सगळी मेमरी लॅपटॉपवर उतरवता येते. तेव्हा इथे कुणाकडे कॉम्प्युटर होता? मेमरी कार्ट्रिज महाग. राहिला कागद. एका आवाजाचे दीडशेच्या आसपास आकडे वहीत उतरवायला एक संध्याकाळ पुरते, आणि हे मी त्या गृहस्थांना गणपतीच्या आधीच सांगितलं होतं.

अर्थात हे सगळं मुंबईतल्या दुरुस्तीबद्दल. डिझाइन करणाऱ्यांचं आयुष्य वेगळं असणार. आणि पोट भरेल का, म्हणाल तर नुसत्या सिंथवर माझंही भरलं नाही, ॲम्प्लिफायर आणि एको मशीनवर घर चाललं.