पेरूचा पेरू देशाशी काय संबंध?

प्रश्न आहे: 'पेरू हे फळ पेरू देशातून आलं म्हणून पेरू का? आणि पेरूची कोशिंबीर म्हणावं की पेरवाची?'

नाही, नाही आणि नाही. मंडईत गाड्यापुढे उभं राहून पोरांना ही थाप ऐकवणारे रोज भेटतात. झाड मूळचं अमेरिका खंडातलं, एवढंच खरं. आपल्याकडे ते पोर्तुगीजांनी आणलं, आणि त्यांच्या भाषेत 'पेरू' म्हणजे टर्की कोंबडा! नाव आलं ते 'पेरा'वरून, म्हणजे नाशपाती. कोकणीत फळ 'पेर'च राहिलं, त्याच्या वड्या 'पेराड'.

नाशपातीच का? करकरीत पेरू उभा चिरा, बियांचा गाभा काढून टाका आणि सालीलगतचा गर दाताखाली हळू दाबा. कचकच लागते ना? त्या बिया नव्हेत, गरातल्या दगडी पेशी. नाशपातीतही अशाच असतात. शिवाय देठाच्या उलट टोकाला फुलाच्या वाळक्या निदलांचा मुकुट दोन्ही फळांना. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसने तर मानेच्या पेरूला 'पायरीफेरम' म्हणजे नाशपातीधारी आणि गोल पेरूला 'पोमिफेरम' म्हणजे सफरचंदधारी अशी वेगळी नावं दिली होती.

गंमत पुढे आहे. हिंदीतला 'अमरूद' फारसीतून आला, आणि तिथेही तो शब्द नाशपातीचाच. तुर्कीत 'आर्मुत' म्हणजे आजही नाशपाती. एकमेकांना न विचारता दोघांनी तीच उपमा उचलली!

शेवटचा ऊ कुठून आला? माझा अंदाज असा: पोर्तुगीजात 'पेरो' नावाचं लांबट सफरचंद आहे आणि अंत्य ओ ते उ-सारखा उच्चारतात. 'काजू'च्या संगतीने ऊ लागला, असंही कुणी म्हणेल, म्हणोत. पण 'संस्कृत पेरुकावरून पेरू' लिहिणाऱ्या कोशपंडितांना हात जोडावेत. फळच सोळाव्या शतकाआधी इथे नव्हतं. 'पेरुक' हे पेरूला मागून नेसवलेलं सोवळं.

नावावरून गाव ठरवणाऱ्यांसाठी आणखी एक: सरदार म्हणून विकला जाणारा 'लखनौ ४९' हा वाण १९२७ साली आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्रात निवडला गेला.

हां, कोशिंबीर. लाडू-लाडवाचा, विंचू-विंचवाचा या चालीवर पेरवाची चूक नाही. पेरूची जास्त रूढ. बिया मात्र काढाच.