‘पाच पंचवार्षिक आमदार’ लिहिलेलं चालेल का?

वऱ्हाडातल्या एका गावाहून प्रश्न आला आहे. तिथल्या माजी आमदारांना ऐंशी पूर्ण होताहेत, म्हणून गौरविका निघते आहे. मजकुरात एक वाक्य आहे : ‘भाऊ हे सलग पाच पंचवार्षिक आपल्या मतदारसंघाचे आमदार राहिलेले आहेत.’ गावातल्या निवृत्त गुरुजींनी त्यावर लाल रेघ मारली. पंचवार्षिक हे विशेषण आहे, ते एकटं वापरता येत नाही, ‘कार्यकाळ’ लिहा, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ‘आमदार राहिलेले’ ही हिंदी झाली. भाऊ निवडून आले ती वर्षंही कळवली आहेत : १९७८, १९८०, १९८५, १९९० आणि १९९९. मधे १९९५ ला पडले.

व्याकरणाची हरकत आधी निकालात काढू. मासिक, साप्ताहिक, दैनिक ही सगळी मुळात विशेषणंच. पुढचं ‘पत्र’ गळून पडलं आणि ती नामं झाली. ‘मासिक बंद पडलं’ म्हणताना कुणाला व्याकरण आठवत नाही. ‘दहावी’मधून इयत्ता गेली, ‘सार्वत्रिक’मधून निवडणूक गेली. पंचवार्षिकचंही तेच झालं आहे. हा शब्द १९५१ ला सुरू झालेल्या पंचवार्षिक योजनेचं बोट धरून खेड्यात आला असावा, असं मला वाटतं. आज मात्र योजना कुणाच्या ध्यानात नाही. ‘मागच्या पंचवार्षिकला सरपंच कोण होता?’ हा प्रश्न यवतमाळ-वाशीमकडच्या कुठल्याही पारावर विचारून पाहा, कुणी अडखळणार नाही. ग्रामपंचायत, सेवा सोसायटी, बाजार समिती, सगळीकडे निवडणूक पाच वर्षांनीच, त्यामुळे गावाला काळ मोजायला हे माप सोयीचं पडलं.

आणि ‘कार्यकाळ’पेक्षा ते एका बाबतीत सरस आहे. कार्यकाळ फक्त पदावर असलेल्याला असतो. पंचवार्षिक पडलेल्यालाही असते. ‘भाऊ एक पंचवार्षिक घरी बसले’ हे वाक्य कार्यकाळ किंवा टर्म घालून करून पाहा, जमणार नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेत गेले, पण १९७२ ला आणि १९९५ ला त्यांचाही पराभव झाला होता. दीर्घ कारकीर्द सांगायची तर हे मधले खंड सांगता येणारा शब्द हवाच, आणि तो बोलीकडे आहे.

मग गौरविकेतलं वाक्य तसंच ठेवायचं? नाही. गुरुजींची रेघ बरोबर जागी पडली, कारण मात्र वेगळं आहे.

पंचवार्षिक म्हटलं की ऐकणारा पाचाने गुणतो. पाच पंचवार्षिक म्हणजे पंचवीस वर्षं. आता भाऊंची वर्षं मोजा. १९७८ च्या फेब्रुवारीत निवडून आलेली विधानसभा १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झाली. शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार गेलं, राष्ट्रपती राजवट आली आणि त्याच उन्हाळ्यात पुन्हा मतदान झालं. म्हणजे भाऊंची पहिली ‘पंचवार्षिक’ दोनच वर्षांची. बाकीच्या चार धरून एकूण बावीस वर्षं, तीही पुरती नाहीत. याच्या उलट १९७२ ची विधानसभा : आणीबाणीत ४२ वी घटनादुरुस्ती होऊन मुदत सहा वर्षांची झाली, आणि ते सभागृह १९७८ पर्यंत चाललं. पुढे ४४ व्या दुरुस्तीने पुन्हा पाच केली. १९९५ ची विधानसभा साडेचार वर्षांतच आटोपली. घटनेच्या १७२ व्या कलमात पाच वर्षांची मुदत दिली आहे ती विधानसभेला, पहिल्या बैठकीपासून. पोटनिवडणुकीत आलेल्या आमदारालाही सभागृहाची उरलेलीच वर्षं मिळतात.

विधान परिषदेबद्दल लिहिताना तर हा शब्द सरळ चूक ठरतो. तिथल्या सदस्याची मुदत सहा वर्षांची. अमरावती पदवीधर मतदारसंघातून बी. टी. देशमुख १९८० ते २०१० अशी सलग ३० वर्षं परिषदेत होते. त्यांना ‘पाच पंचवार्षिक’ लावलं तर पाच वर्षं हिशेबातून गायब होतात.

जुन्या पिढीतल्या कुणाबद्दल लिहायचं झालं तर विदर्भात आणखी एक भानगड आहे. वसंतराव नाईक पुसदहून १९५२ ला निवडून गेले ते मध्य प्रदेशच्या विधानसभेत. तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९५७ ला ते द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत होते आणि १९६२ ला महाराष्ट्राच्या. मतदारसंघ पुसदचाच, राज्यं तीन. अशा माणसाबद्दल ‘महाराष्ट्र विधानसभेवर अमुक वेळा’ असं ठोकून देऊ नये.

आता ‘राहिलेले’. ‘ते आमदार राहिले आहेत’ यामागे हिंदीचं ‘रह चुके हैं’ आहे, हे खरं. पण नागपूर-अमरावतीकडे माणसं असंच बोलतात. जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मराठी-हिंदी एकाच कचेरीत नांदल्या, त्याची ही खूण. पुण्याचा संपादक ‘होते’ करील. मला गौरविकेत ‘राहिलेले’ खटकत नाही. वाचणारे तिथलेच आहेत. खटकतं ते ‘सलग’. १९९५ ला पडलेल्या माणसाला सलग पाच म्हणणं म्हणजे विरोधकांच्या हातात आयता कागद देणं.

‘कारकीर्द’ घालावं का, असंही विचारलं आहे. खुशाल घाला. शब्द फारशीतून आलेला, जुन्या मराठीत तो राजाच्या किंवा पेशव्याच्या अंमलासाठी चाले, आज क्रिकेटपटूलाही चालतो. ‘कारकीर्द भूषविली’ मात्र नको. पद भूषवतात, कारकीर्द होते किंवा घडते. आणि ‘आमदारकी’ हा साधा शब्द कुणी का टाळावं तेच कळत नाही. त्यातला ‘-की’ पाटीलकीतला वतनाचाही आहे आणि मास्तरकीतला कामाचाही. कुठला अर्थ लागू पडतो ते ज्याने त्याने आपला मतदारसंघ पाहून ठरवावं.

राहता राहिलं ‘माजी’. समितीतल्या काहींना तो शब्द कमीपणाचा वाटतो म्हणे, कारण गाव अजून ‘आमदारसाहेब’च म्हणतं. तोंडी म्हणू द्या, कागदावर माजी ठेवा. भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारी जुनी जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली, तलाव अजून ‘माजी’ नावानेच धान भिजवताहेत आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही.

तेव्हा वाक्य असं करा : ‘भाऊ या मतदारसंघातून १९७८, १९८०, १९८५, १९९० आणि १९९९ अशा पाच निवडणुकांत विधानसभेवर निवडून आले, सुमारे बावीस वर्षं त्यांनी आमदारकी केली.’ १९९५ चा पराभव लिहायचा की नाही हे भाऊंनाच विचारा. समारंभात बोलणाऱ्याने ‘पाच पंचवार्षिक’ म्हटलं तर गुरुजींनी त्याला थांबवू नये.